भाचीचं कॉलेज आणि फीचा कागद
शिकागोत वाढलेल्या आमच्या भाचीला शेजारच्या मिशिगन राज्यातल्या दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला. एक अ‍ॅन आर्बरचं, १८१७चं नामांकित. दुसरं ईस्ट लान्सिंगचं, १८५५ साली शेतकी कॉलेज म्हणून निघालेलं. दोघांचं फुटबॉलमधलं वैर जुनं. आमच्या घरातही दोन तट पडले. नाना नावावर भाळले. (नानांना फी भरायची नव्हती!) आम्ही फोनवर फीचा हिशेब मांडला. तिचे अब्बा कर भरतात इलिनॉयला, म्हणून ती परराज्यातली. अ‍ॅन आर्बरला स्थानिकांच्या तिपटीहून जास्त फी, ईस्ट लान्सिंगला दुपटीहून जास्त. नुसतं शिकायला चार वर्षं तिथं राहून स्थानिक दर मिळत नाही. कमी पडणारे पैसे व्याजी कर्जातूनच येणार होते. भाचीनं विचारलं, “अब्बा, हे फेडणार कोण?” अब्बा गप्प. तिनं ईस्ट लान्सिंग घेतलं. नाना अजून रुसलेले आहेत.