दहा कोटींचा रहिवासी

३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतलेल्या एका निर्णयाची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. जो परकीय या देशात अठरा महिन्यांत किमान दहा कोटी किंवा छत्तीस महिन्यांत किमान पंचवीस कोटी रुपये गुंतवील आणि दर आर्थिक वर्षी किमान वीस भारतीयांना रोजगार देईल, त्याला दहा वर्षांसाठी 'स्थायी निवासी' हा दर्जा मिळेल व पुढे तो आणखी दहा वर्षे वाढविता येईल, असा तो निर्णय. अशा परकीयाला राहण्यासाठी एक घर विकत घेता येईल. इतर परकीयांवर असलेले नोंदणीचे बंधन त्याच्यावर राहणार नाही. त्याच्या कुटुंबीयांना खासगी क्षेत्रात नोकरी धरता येईल आणि रोजगार-व्हिसासाठी इतरांना असलेली किमान पगाराची अटही त्यांना शिथिल होईल. थोडक्यात, भारतात राहण्याच्या हक्काचा भाव सरकारने जाहीर केला.

या निर्णयाशी वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. परंतु त्याआधी मूळ प्रश्न नीट मांडला पाहिजे. परभूमीत आलेल्या माणसाला 'तू आता येथलाच' असे समाजाने केव्हा म्हणावे? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने त्याचे एक उत्तर दिले आहे. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे जो येथे राहिला, तो नागरिकत्व मागण्यास पात्र होतो. हे काळाचे माप झाले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात धर्माचे माप घुसविले. तीन शेजारी देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी अकराची पाच वर्षे केली आणि मुसलमानांना वगळले. २०१६ च्या निर्णयाने त्याआधीच पैशाचे माप मान्य केले होते. काळ आणि श्रम यांना बाजूस सारून धर्म आणि धन यांना पुढे बसविणारी ही दोन्ही मापे एकाच वृत्तीची अपत्ये आहेत.

पैशाचे माप नवे नाही. इंग्लंडात १६६२ साली झालेल्या कायद्यानुसार, दुसऱ्या परगण्यातून आलेला माणूस पुढेमागे गावावर भार होईल असे वाटल्यास चाळीस दिवसांच्या आत त्याला हाकलून लावता येत असे. मात्र वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा ज्याने घेतली असेल, तो या हकालपट्टीतून सुटत असे. ॲडम स्मिथला समाजवादी कोणी म्हणणार नाही. पण त्यानेही १७७६ साली या कायद्यावर कडाडून टीका केली, कारण गरीब मजुराला परगण्याची शीव ओलांडणे समुद्र वा पर्वत ओलांडण्याहून कठीण झाले होते. त्या वेळी दहा पौंड, आज दहा कोटी. मुक्त बाजारपेठेचा जप करणाऱ्यांनी आपल्या आद्यगुरूचे एवढे तरी ऐकावयास हवे होते.

आज हा व्यापार जगभर चालतो. सौदी अरेबियाने २०१९ साली आठ लाख रियाल एकरकमी भरणाऱ्याला कायम वास्तव्याचा परवाना देऊ केला. त्याच देशात इमारती उभारणाऱ्या परदेशी मजुराने उभी हयात घालविली तरी काम संपले की त्याचा परवाना संपतो. अमेरिकेत किमान आठ लाख डॉलर गुंतवून दहा नोकऱ्या निर्माण करणाऱ्याला ग्रीन कार्डाची वाट मोकळी असते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर तेथील अध्यक्षांनी दहा लाख डॉलरच्या 'गोल्ड कार्डा'चा आदेश काढला. तेथेच नोकरी करून, कर भरून राहणारे भारतीय अभियंते मात्र एका देशाला सात टक्के या मर्यादेमुळे दशकाहून अधिक काळ रांगेत तिष्ठत आहेत. मुले एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या व्हिसावर राहण्याचा त्यांचा हक्क संपतो. अकोला-वाशिमपासून पुण्यापर्यंत कित्येक मराठी घरांना ही चिंता ठाऊक आहे.

पैशाचे माप अटळ आहे असेही नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांचा व्हिसा बंद केला. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये तेच केले. त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयाने माल्टाची पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरविली. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार, बहुतेक सदस्यराष्ट्रांत पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य करणारा आणि स्वतःचा निर्वाह करू शकणारा परकीय दीर्घकालीन निवासी होण्यास पात्र ठरतो. त्याने काही कोटी ओतावेत अशी अट नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की भांडवल आले तर रोजगार येतो, मग भांडवलाचे स्वागत का नको? स्वागत जरूर करावे. परंतु परकीय भांडवलाला भारतात येण्यासाठी वेगळे दरवाजे आहेत आणि नफ्याच्या रूपाने त्याचा मोबदलाही त्याला मिळतो. त्यावर पुन्हा वास्तव्याच्या हक्काचे बक्षीस कशासाठी? वीस माणसांना काम देणारा येथला होतो आणि वीस वर्षे काम करणारा उपरा राहतो, हे कोणते अर्थशास्त्र?

विदर्भातीलच उदाहरण घ्यावे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ १९७० च्या दशकात तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तेथे दुसरी-तिसरी पिढी वाढली. तरीही निर्वासित तिबेटी माणसाला परकीय म्हणून नोंदणी करावी लागते आणि ते प्रमाणपत्र मुदतीमुदतीने नवे करून घ्यावे लागते. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, असे कायदा सांगतो. तोही हक्क मिळविण्यासाठी तिबेटी तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०१० साली तो मान्य झाला. अर्धे शतक येथे घाम गाळणाऱ्याला नोंदणी सुटत नाही. दहा कोटीवाल्याला ती पहिल्याच दिवशी माफ.

आता मानोऱ्याकडे वळावे. नीती आयोगाने २०१८ साली 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशिम होता. 'आकांक्षित' हा मागासचा सरकारी पर्याय. दहा कोटींचा परकीय कारखाना काढील तो चाकणला किंवा भिवंडीला. पोहरादेवीच्या माळावर तो येणार नाही. भांडवल तांड्यापर्यंत येत नाही, म्हणून तांड्याला भांडवलामागे जावे लागते. सोयाबीन निघाले की मुकादमाची उचल घेऊन बंजारा कुटुंबे ऊसतोडीला जातात, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने त्यांना देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. पण मुंबईत झोपडी बांधली की १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा मागितला जातो; त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्याला पुनर्वसनासाठी पैसे मोजावे लागतात आणि त्याही नंतर आलेल्याला काहीच नाही. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांचे आजे बैलांच्या पाठीवर संसार घेऊन फिरले, त्यांनी मुक्कामाचा कागद आणावा कोठून? परकीय धनिकाला पासबुक पुरते. स्वदेशी श्रमिकाला आजोबांचा पत्ता लागतो.

अमेरिकेतील रांगेबद्दल संतापणाऱ्या आपल्या मध्यमवर्गानेही अंतर्मुख व्हावे. मुलाला तेथे श्रमाच्या बळावर कायमचे राहता यावे ही मागणी न्याय्य आहे. मग तोच न्याय आपल्या इमारतीच्या विटा वाहणाऱ्याला का नसावा?

समाजवाद्यांनी या प्रश्नावर तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. पहिली, स्थायी निवासाचा दर्जा पैसा वा धर्म न पाहता ठरावीक वर्षांच्या वास्तव्यावर व श्रमावर मिळावा आणि त्याची सुरुवात गोठणगावसारख्या वसाहतींपासून व्हावी. दुसरी, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या कागदाऐवजी ग्रामसभेची व तांड्याची साक्ष ग्राह्य धरावी, आणि शहरातील निवाऱ्याचा हक्क कोणत्याही एका तारखेला टांगून ठेवू नये. तिसरी, स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने आजवर मान्यता दिलेली नाही, ती द्यावी. त्याशिवाय आखातातील आपल्या मजुरांसाठी बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येणार नाही.

भूमी ज्याने कसली, रस्ता ज्याने बांधला, ऊस ज्याने तोडला, तो त्या भूमीचा रहिवासी होय. हे साधे तत्त्व ज्या सरकारला मान्य नाही, त्याने 'स्थायी निवासी' हा शब्द तरी वापरू नये, 'गिऱ्हाईक' म्हणावे.