धास्तीचा भाव

गेल्या दहा-बारा वर्षांत कितीतरी मध्यमवर्गीय मराठी घरांत एक मोठा कॅमेरा आला. कुणी बाळाचं बारसं होतं म्हणून घेतला, कुणी युरोपची टूर ठरली म्हणून, कुणी हातात बोनस पडला म्हणून. निकॉनचा डी३४०० किंवा डी५६००, नाहीतर कॅननचा १३००डी किंवा १५००डी. सोबत १८-५५ची किट लेन्स आणि हौस दांडगी असेल तर ५५-२५० किंवा ७०-३००. दोन-तीन वर्षं तो मनापासून वापरला गेला. मग मोबाइल सुधारले आणि कॅमेरा बॅगेसकट कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. आजही तो तिथेच आहे आणि दर पावसाळ्यागणिक त्याची किंमत उतरते आहे.

हे कॅमेरे विकले जावेत, आणि चांगल्या भावाने विकले जावेत, असं मला कळकळीने वाटतं. कारण त्यांची गरज असलेली माणसं मी पाहतो. मुंबईत सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात दुकानं उघडायच्या वेळी जाऊन उभं राहावं. सातारा, बार्शी, संगमनेरकडून आलेली विशीतली मुलं दुकानादुकानांतून जुन्या बॉडीचे भाव विचारत हिंडत असतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होणार, एखादी ऑर्डर तोंडी पक्की झालेली, पण नव्या कॅमेऱ्याचा हप्ता झेपणारा नाही. तुमचा कपाटातला कॅमेरा या मुलाचं पहिलं भांडवल होऊ शकतो.

मग भाव अडतो कुठे? माझ्या मते घेणाऱ्याच्या धास्तीपाशी. जुना कॅमेरा बाहेरून चकचकीत दिसतो, आत काय आहे ते कळत नाही. पाण्यात पडला असेल का, उघडून जोडला असेल का, चोरीचा तर नाही ना, अशी प्रत्येक शंका घेणारा मनातल्या मनात रुपयांत मोजतो आणि तेवढे पैसे कापून भाव सांगतो. त्यातली एकेक शंका पुराव्यानिशी दूर केली की भाव आपोआप वर सरकतो. घासाघीस करून मिळतात त्यापेक्षा यात जास्त पैसे सुटतात.

मुरलेला दुकानदार कॅमेरा कसा बघतो ते एकदा जवळून पाहावं. तो स्क्रीनकडे वळतच नाही. आधी कॅमेरा उलटा करतो आणि तळाच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का ते बघतो. असले तर बॉडी कधीतरी उघडलेली. मग अंगठा रबरी ग्रिपवर फिरतो. दमट हवेत हे रबर फुगतं, सैल होतं. मग वरच्या हॉट शूच्या पट्ट्या. तिथला काळा रंग घासून आतला धातू दिसत असेल तर यावर फ्लॅश सतत चढत-उतरत होता, म्हणजे कॅमेरा लग्नांत राबलेला. एवढं झाल्यावर तो विचारतो, ‘काउंट किती?’

शटर काउंट म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं-मिटलं त्याचा आकडा. डी५६००चं शटर कंपनीने एक लाखाच्या हिशेबाने तपासलेलं आहे, डी७५००चं दीड लाखाच्या, डी८५०चं दोन लाखांच्या. आकडा ओलांडला की शटर त्याच दिवशी मोडतं असं नाही, पण बाजार त्यावर चालतो. लग्नाचा फोटोग्राफर दोन दिवसांत हजारो क्लिक मारतो. घरगुती कॅमेऱ्याचा आकडा बहुतेक वेळा त्यापुढे किरकोळ निघतो. ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू, आणि बहुतेक जण ती सांगतच नाहीत. निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत नोंदलेला असतो, त्यामुळे ताजा काढलेला मूळ फोटो घेणाऱ्याला पाठवला की काम झालं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फोटोत येत नाही. तिथे सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्यावा.

आता बुरशी. आपल्याकडचे फोटोवाले तिला फंगसच म्हणतात आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या कॅमेऱ्याबद्दल पहिला संशय तिचाच येतो. काळोख, दमट हवा आणि ओल धरून ठेवणारी फोमची बॅग मिळाली की लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात. सुरुवातीलाच लक्षात आलं तर कारागीर लेन्स उघडून साफ करतो. उशीर झाला तर बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं आणि तो डाग मग जात नाही. तपासायचं असं: लेन्स बॉडीवरून काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च किंचित तिरका धरा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. निकॉनच्या जुन्या पद्धतीच्या लेन्समध्ये, म्हणजे डी३४०० किंवा डी५६००सोबत येणाऱ्या किट लेन्समध्येसुद्धा, मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून धरावी लागते, नाहीतर आतली पाती मिटलेली राहतात आणि काही दिसत नाही. काच निर्मळ असेल तर याच पद्धतीने केलेला व्हिडिओ जाहिरातीत टाका. बुरशी असेल तर तीही दाखवा. कळलेल्या दोषाचे पैसे कारागिराच्या मजुरीएवढे कापले जातात. न कळलेल्या दोषाच्या संशयापोटी किती कापले जातील त्याला मर्यादा नाही, आणि लपवलेली बुरशी पुढच्या माणसाच्या ऐन कामात उघडी पडते. दोष लपवू नये.

सेन्सरवरची धूळ तपासणं त्या मानाने सोपं. अ‍ॅपर्चर एफ २२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, काळे ठिपके दिसले तर साफ करून घ्यायचं.

मूळ बिल शोधाच. कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीचा माल आहे, चोरीचा नाही, या दोन्हींना तेच प्रमाण. मात्र बिलावरचा आकडा मनातून काढून टाका. तुम्ही २०१८ साली घेतला असेल तर त्यात २८ टक्के जीएसटी होता. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवर तो १८ टक्के झाला. शिवाय २०१८मध्येच निकॉनने झेड आणि कॅननने आर मालिका आणली आणि दोन्ही कंपन्यांचा ओढा आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळला. आरशाच्या, म्हणजे डीएसएलआर, बॉडीचा भाव उतरतो आहे तो त्यामुळे. तुमच्या कॅमेऱ्यात खोट आहे म्हणून नव्हे.

लेन्सचं तसं नाही. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून नव्या आर बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे चांगल्या लेन्सला गिऱ्हाईक टिकून आहे. निकॉनच्या स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या ‘डी’ लेन्स झेड बॉडीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर चढतात, पण फोकस हाताने करावा लागतो. म्हणून किट लेन्स बॉडीबरोबर द्यावी आणि ५० एमएम एफ १.८सारखी सुटी घेतलेली लेन्स वेगळी विकावी. एका गठ्ठ्यात दिली की घेणारा बॉडीचा भाव करतो आणि लेन्स फुकटात जाते.

एक्स्चेंज करावं की थेट विकावं? दुकानदार कमी देणार हे उघड आहे. त्याला तो माल साफ करायचा असतो, गिऱ्हाईक येईपर्यंत पैसे अडकवून ठेवायचे असतात, वर थोड्या दिवसांची हमीही द्यायची असते. त्यात वाईट काही नाही. पण हिशेब नीट करावा. समजा एक दुकान जुन्याचे २० हजार देतंय आणि नवी बॉडी ८२ला लावतंय. दुसरं जुन्याचे १६च देतंय, पण नवी ७५ला. वीस ऐकून बरं वाटतं, पण खिशातून पहिल्याकडे ६२ जातात आणि दुसऱ्याकडे ५९. म्हणून नव्याचा रोखीचा भाव आधी विचारावा, जुना कॅमेरा बॅगेतून नंतर काढावा. दिवाळीत कंपन्यांची एक्स्चेंजवर जादा रकमेची योजना असेल तर दुकान परवडतं. नवं काही घ्यायचंच नसेल तर थेट माणसाला विकावं आणि मृग लागायच्या आत विकावं. ते जमलं नाही तर लग्नसराईच्या तोंडावर.

ऑनलाइन जाहिरात टाकली की पहिल्या तासातच एखादा न बघता पूर्ण भाव कबूल करेल. लष्करात आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवतो, तोवर हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील, असं सांगेल. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. फोन तिथेच ठेवून द्या. खरा घेणारा कॅमेरा हातात घेऊन बघायला येतो. त्याला दिवसाउजेडी, चार माणसांच्या जागी भेटा, त्याचं कार्ड घालून पन्नास फोटो काढू द्या, घाई करू नका.

तुमचं मेमरी कार्ड देऊ नका. फॉरमॅट केलेल्या कार्डावरूनही फोटो परत काढता येतात आणि त्यात तुमची मुलंबाळं असतात. मेन्यूमध्ये मालक म्हणून तुमचं नाव भरलेलं असेल तर पुसा, वायफायची जोडणी काढा, मग सेटिंग मूळपदावर आणा. साध्या कागदावर पावती करा: मॉडेल, बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर, लेन्सचा नंबर, शटर काउंट, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. एक प्रत तुमच्याकडे राहू द्या. दुसरी मूळ बिलाला टाचून घेणाऱ्याला द्या, कारण चार लग्नसराया झाल्यावर तोही मोठी बॉडी घेण्यासाठी हा कॅमेरा विकायला काढेल आणि तेव्हा बोरा बाजारातला दुकानदार त्याच्याकडे हीच कागदं मागेल.