दोन मुठींचे आकाश

मार्च १९८६ च्या अखेरीस, एका पहाटे, इंदूरच्या आमच्या परसात मी हॅलेच्या धूमकेतूचे छायाचित्र घेतले. अण्णा, म्हणजे माझे वडील, मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरून मोठ्याने सेकंद मोजीत होते. छत्तीस चित्रांच्या त्या फिल्मपैकी तीनच चित्रे बरी उतरली आणि त्यांतही धूमकेतू म्हणजे कापसाचा एक पुसट बोळा! पुढे बदल्या, मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये यांत कॅमेऱ्याची तिपाई माळ्यावर गेली ती गेलीच. दुसऱ्या वर्षी अण्णांनी परसाच्या पश्चिम कोपऱ्यात आंब्याचे रोप लावले. आज अण्णा नाहीत. आंबा मात्र दुमजली घराच्या उंचीला पोहोचला आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू सायंकाळी पश्चिमेस दिसणार असे वाचले आणि तब्बल अडतीस वर्षांनी मी तिपाई खाली उतरविली. १२ तारखेला, नेमका दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता. परसात उभा राहून पाहतो, तो पश्चिमेस सगळा आंबाच आंबा! धूमकेतू दररोज थोडा वर चढणार होता हे खरे. परंतु तो मंदावतही जाणार होता, आणि १६ तारखेला कोजागरी. थांबावे तर चांदण्याची आडकाठी, न थांबावे तर आंब्याची.

मुलगा म्हणाला, "बाबा, अर्धे झाड उतरवून घेऊ. उद्याच माणूस बोलावतो." खोटे कशाला सांगू, मी होकार दिला. त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. अण्णांनी त्या रोपाला उन्हाळाभर विहिरीचे पाणी घातलेले मी पाहिले होते. सकाळी उठून मनाशी ठरविले की, कुऱ्हाड लावण्यापूर्वी निदान मोजून तरी पाहावे.

वाचकहो, आकाश मोजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. हात ताठ पुढे करून मूठ मिटली, की तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते आणि करंगळीची एक अंश. खात्री करावयाची असल्यास ध्रुवताऱ्याकडे पाहावे. आपण ज्या अक्षांशावर राहतो, क्षितिजापासून तितक्याच अंशांवर तो दिसतो. इंदूर-वडोदऱ्यास सव्वादोन मुठी, ग्वाल्हेरीस त्याहून किंचित अधिक, तर बेळगावास आणि गोव्यात दीड मूठ. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने धूमकेतू सुमारे दीड मूठ उंचीवर असणार होता. मला हवे होते ते क्षितिजावरचे दोन मुठींचे आकाश, संपूर्ण पश्चिम दिशा नव्हे! मूठ पुढे धरून मी परसभर हिंडलो. विहिरीच्या कट्ट्यापासून दोन पावले उत्तरेस सरकताच आंबा डावीकडे गेला आणि शेजारची भिंत उजवीकडे राहिली. मधल्या फटीत हवे तेवढे आकाश होते.

त्या फटीत आड येत होते ते सारे आमचेच: कपडे वाळत घालण्याची तार, जुन्या स्कूटरवरचे गंजके पत्रे आणि मागील दाराचा रात्रंदिवस जळणारा दिवा. तार सोडली, पत्रे काढले, दिवा मालविला. रस्त्यावरचा दिवा आपल्या हातचा नाही. म्हणून काळ्या पुठ्ठ्याची नळी करून भिंगाभोवती बसविली. शेजारच्या वहिनींनी सणासाठी लावलेली दिव्यांची माळ पंधरा मिनिटे बंद ठेवण्यास सांगताना संकोच वाटला. त्यांनी माळ तर मालविलीच, शिवाय सासूबाईंना घेऊन स्वतःही पाहावयास आल्या.

१४ तारखेस पावणेसातच्या सुमारास डावीकडे खाली शुक्र, उजवीकडे स्वाती आणि दोहोंच्या मध्ये, थोडा वर, शेपटी उंचावलेला तो दिसला. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. त्यामुळे स्थिर कॅमेऱ्याने फार वेळ प्रकाश घेतल्यास ताऱ्यांच्या रेघा उमटतात. पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे; येईल तितके सेकंद, ही ढोबळ मर्यादा. पन्नासच्या भिंगाला दहा सेकंद. आता फिल्म जपून वापरण्याचा प्रश्न उरलेला नाही. चार-चार सेकंदांची चाळीस चित्रे घेतली आणि ती संगणकावर एकावर एक रचली. त्यामुळे चित्रातील खरखर कमी होऊन शेपटी स्पष्ट झाली. सेकंद कॅमेराच मोजतो. तरी नऊ वर्षांची नात शेजारी उभी राहून मोठ्याने मोजीत होती. मी तिला थांबविले नाही.

हॅलेचा धूमकेतू आता २०६१ च्या जुलैत सूर्याजवळ येईल. तेव्हा नात सेहेचाळीस वर्षांची असेल. तिच्यासाठी कट्ट्यापासूनची दोन पावले वहीत टिपून ठेवली आहेत. जुलै म्हणजे ऐन पावसाळा. त्या अडथळ्यावरचा उपाय मात्र तिलाच शोधावा लागेल.