चित्रांसाठी एक भिंत

आपल्या घरातल्या भिंतींवर चित्रे किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. देव्हाऱ्याजवळची तसबीर, वडीलधाऱ्यांचे हार घातलेले फोटो आणि एखाद्या बँकेचे किंवा पतपेढीचे कॅलेंडर. खानदेशातल्या बहुतेक घरांचे कलादालन एवढ्यावर संपते. मी बँकेत होतो तेव्हा डिसेंबर उजाडला की कॅलेंडरसाठी काउंटरवर गर्दी व्हायची. तारखा तर सगळ्या कॅलेंडरांवर सारख्याच. लोक हट्ट धरीत तो वरच्या चित्रासाठी. वर्ष संपल्यावर तारखांचा भाग कापून चित्र तेवढे चौकटीत बसवलेले मी कितीतरी घरांतून पाहिले आहे. आपल्याकडे लोकांना चित्रांची आवड नाही, असे कुणी म्हणाले की मला ही घरे आठवतात.

आवड आहे, नाही ती जागा. जळगाव-धुळ्याला चित्रप्रदर्शने होत नाहीत असे नाही. कुणीतरी हौशीने हॉल भाड्याने घेतो, तीन दिवस चित्रे लागतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि चौथ्या दिवशी त्याच हॉलमध्ये साड्यांचा सेल लागतो. चित्र पुन्हा पाहावेसे वाटले तर ते कुठे पाहायचे? चित्र हे पुन्हापुन्हा पाहण्यासाठीच असते. म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जळगावला आणि धुळ्याला चित्रांसाठी एकेक कायमची, सार्वजनिक भिंत हवी. आणि ते पटवण्यासाठी मी उदाहरण देणार आहे ते जरा लांबचे, स्कॉटलंडचे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कर्कॉडी नावाचे गाव आहे. आम्हा बँकवाल्यांना ते ॲडम स्मिथमुळे ठाऊक. अर्थशास्त्राचा हा आद्य पुरुष तिथे १७२३ साली जन्मला. गावाची वस्ती जेमतेम पन्नास हजार. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख आणि जळगावची ४ लाख ६० हजार होती, हे लक्षात घेतले म्हणजे गाव केवढे ते कळेल. गाव कारखान्यांचे आणि कापडगिरण्यांचे. तिथल्या जॉन नेर्न या कारखानदाराचा मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला. बापाने त्याच्या स्मरणार्थ गावाला वस्तुसंग्रहालय आणि चित्रदालन बांधून दिले. ते १९२५ साली उघडले. त्याच गावातला जॉन ब्लाइथ हा गिरणीमालक चित्रांचा शौकीन होता. विल्यम मॅकटॅगर्ट आणि सॅम्युअल पेप्लो या स्कॉटिश चित्रकारांची चित्रे त्याने आयुष्यभर जमवली. त्याच्यामागे त्या संग्रहाचा मोठा भाग विकत घेऊन तो त्या भिंतींवर कायमचा ठेवण्यात आला. गिरण्यांचे वैभव ओसरले, पण चित्रे गावातच राहिली.

या भिंतीने काय केले ते पाहा. जवळच्याच मेथिल गावात १९५१ साली जॅक हॉगन नावाचा मुलगा जन्मला. कोवळ्या वयातच शाळा सोडून कोळशाच्या खाणीत कामाला लागला. एकविसाव्या वाढदिवसाला मैत्रिणीने त्याला जलरंगांची पेटी दिली. कलाशाळेत तो गेला नाही. कर्कॉडीच्या दालनात जायचे, चित्रांसमोर उभे राहायचे आणि घरी येऊन त्यांच्या नकला करायच्या, हीच त्याची शाळा. १९८८ साली एडिंबरोच्या रॉयल स्कॉटिश अकादमीच्या प्रदर्शनाला त्याने दोन चित्रे पाठवली. दोन्ही स्वीकारली गेली आणि पहिल्याच दिवशी विकली गेली. पुढे तो जॅक वेट्रियानो या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. त्याचे एक चित्र २००४ साली लिलावात ७ लाख ४४ हजार ८०० पौंडांना गेले. समीक्षकांनी त्याला नेहमीच नाके मुरडली. ती कदाचित योग्यही असतील. मला त्याचे मोल वेगळे वाटते. खाणीतल्या पोराला फुकट पाहता येतील अशी अस्सल चित्रे घरापासून काही मैलांवर होती. २०२२ साली त्याच दालनात त्याच्या सुरुवातीच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. २०२५ मध्ये तो वारला.

आता आपल्याकडे पाहू. गिरण्यांची गावे आपलीही. जळगावला खानदेश मिल होती, अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप. आपल्या गिरणीमालकांना दातृत्व नव्हते असे कुणी म्हणू नये. अमळनेरच्या प्रतापशेठांनी १९१६ साली चक्क तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापसाच्या गावात वेदान्ताच्या अभ्यासाची सोय करणारा शेठ इतरत्र शोधून सापडणार नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर गेले आणि लगेच १९२७ मध्ये गावाने त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ काढून त्यांचे दप्तर सांभाळले. समर्थ वाग्देवता मंदिराने रामदासी पोथ्या जपल्या. म्हणजे पोथी जपावी, कागद जपावा, हे खानदेशाला चांगले कळते. चित्राची पाळी आली की मात्र आपला हात आखडतो. चित्र ही आपल्याला श्रीमंतांची चैन वाटते.

आणि जपणारा कुणी नसला म्हणजे चित्रे जिथे भिंत असेल तिथे जातात. याचा दाखला पुन्हा एका स्कॉटिश चित्रकाराचाच आहे. पीटरहेड या कोळ्यांच्या गावचा जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईत उतरला आणि इंग्रज वकील मॅलेटच्या ओळखीने पुण्याच्या दरबारी पोचला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे या साऱ्यांना त्याने समोर बसवून रंगवले. नाना म्हटल्यावर जो चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो बऱ्याच अंशी वेल्सच्या कुंचल्यातून आला आहे. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम तांबट हा आपला मराठी माणूस नव्या पद्धतीचे रेखाटन शिकला. दोघांनीही वेरूळची लेणी रेखाटली. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही ठाण्याला तापाने वारला. पेशवा आणि नाना यांचे त्याने काढलेले मोठे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच्या तयारीच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने पुरे केलेले पेशवे दरबाराचे चित्र १८०५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. ते आता तिथल्या टेट संग्रहालयात आहे. गंगारामची रेखाटने अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. पुण्याच्या तांबटाचे काम पाहायला मराठी माणसाने समुद्र ओलांडायचा!

पुण्याचे राहू द्या. खानदेशच्या उंबरठ्यावर, जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश माणसाने ही लेणी १८३९ साली पाहिली आणि चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करा असा आग्रह धरला. त्यावरून मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनाला ठेवल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळ्या जळाल्या. हा गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे, हे भुसावळकरांपैकी किती जणांना ठाऊक आहे? पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. (गंमत अशी की वेल्स आडनावाचा चित्रकार स्कॉटलंडचा आणि वेल्स प्रांतातला हा ग्रिफिथ्स.) त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत शंभराहून अधिक चित्रे खाक झाली.

आगीबद्दल मी साहेबाला बोल लावत नाही. आपल्याकडे राहिली असती तर वाळवीने खाल्ली नसती कशावरून? पण बँकेत आम्ही एक नियम पाळत असू: मूळ दस्त लांब गेला तर साक्षांकित नक्कल शाखेत राहिलीच पाहिजे. इथे आपल्या दारातल्या चित्रांच्या नकलाही दोनदा परदेशी गेल्या, दोनदा जळाल्या आणि आपल्या शाखेत काहीच उरले नाही.

नाही म्हणायला चाळीसगावला एक घर आहे. मुंबईत १९१२ साली जन्मलेले केकी मूस हे पारशी कलावंत स्टेशनाजवळच्या आपल्या दगडी घरात वर्षानुवर्षे जवळजवळ उंबरठा न ओलांडता राहिले. चित्रे, शिल्पे आणि टेबलावर वस्तू मांडून केलेली विलक्षण छायाचित्रे, असे काम त्यांनी १९८९ साली मृत्यू येईपर्यंत केले. ते घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे. खानदेशात हे होऊ शकते, याचा तो जिवंत पुरावा. आणि धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला १९२५ साली सुताराच्या घरी जन्मलेल्या राम सुतारांनी पुढे सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवला. गुण मातीत आहे. प्रत्येक रामाला मुंबईची कलाशाळा गाठता येईलच असे मात्र नाही.

लोक म्हणतील, आधी रस्ते आणि पाणी, मग चित्रे. रस्ते-पाणी हवेच, पण ते मिळेपर्यंत वाचनालय काढू नये, असे आपल्या आजोबांनी म्हटले नाही. दुसरे म्हणतील, आता मोबाइलवर जगातले कुठलेही चित्र दिसते. दिसते खरे, पण तळहाताएवढे. पद्मपाणी भिंतीवर केवढा आहे, रंगाचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ, हे काचेवर कळत नाही. आपली मुले शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, ग्रेड आणतात. त्यांपैकी किती जणांनी एखाद्या मोठ्या चित्रकाराचे अस्सल चित्र समोर उभे राहून पाहिले असेल? न ऐकता गाणे शिकवण्यासारखेच हे झाले.

मी फार मोठे काही मागत नाही. नवी इमारत नको. वाचनालयाची, नगरपालिकेच्या वेळची एखादी जुनी, पडून असलेली खोली चालेल. चांगला उजेड, ओल नसलेली भिंत, कुलूप, नोंदवही आणि पगारी राखणदार एवढे हवे. पहिले प्रदर्शन वेल्सच्या पेशव्यांचे, गंगारामच्या रेखाटनांचे आणि ग्रिफिथ्सच्या वाचलेल्या अजिंठा नकलांचे असावे. परवानगी घेऊन मूळ आकारात उत्तम छापलेले. साक्षांकित नक्कल, उशिरा का होईना, शाखेत येईल. दर वर्षी मात्र एक चित्र अस्सल घ्यावे, जिल्ह्यातल्याच चित्रकाराचे, योग्य किंमत मोजून. आमच्या बँका आणि पतपेढ्या दरसाल कॅलेंडर आणि डायऱ्यांवर जे खर्च करतात, त्यातला थोडा हिस्सा वळवला तरी हे जमेल असा माझा, आयुष्य जमाखर्चात घालवलेल्या माणसाचा, अंदाज आहे.

वीस वर्षांत तिथे वीस अस्सल चित्रे होतील. रविवारी शेंगा खात बागेत जाणारे कुटुंब वाटेत दहा मिनिटे तिथे डोकावेल. बहुतेक मुले कंटाळतील, आईस्क्रीमचा हट्ट धरतील. एखादेच तिथून हलायला तयार होणार नाही. भिंत त्याच्यासाठी बांधायची आहे.