सिकंदरी रान : मेजवानी खरी, सिकंदर उसना

१/ घरात पाहुणेमंडळी जमली आहेत. मोठ्या परातीतून बोकडाची अख्खी, खरपूस भाजलेली मांडी येते आणि पहिला घास घेण्याआधीच कोणीतरी सांगू लागते : हे ‘सिकंदरी रान’, साक्षात सिकंदराच्या मेजवानीतले! कथा रुचकर आहे. इतिहास म्हणून मात्र ती पचत नाही. #थ्रेड

२/ प्रथम शब्द पाहू. येथील ‘रान’ म्हणजे अरण्य नव्हे. फारसीत ‘रान’ म्हणजे मांडी. ‘सिकंदर’ हेही अलेक्झांडरच्या नावाचे फारसीच्या वाटेने आपल्याकडे रुळलेले रूप. पदार्थाचे नावच इ.स.पू. ३२६ मधील झेलमकाठचे नाही.

३/ कथेतही एकवाक्यता नाही. कधी ही मेजवानी सिकंदर-पोरस सलोख्याची असते, तर कधी सिकंदर-रोक्साना विवाहाची. तो विवाह झाला मध्य आशियात, झेलमच्या लढाईपूर्वी. एकाच पदार्थाची दोन जन्मस्थळे सांगितली जाऊ लागली, की अभ्यासकाने सावध व्हावे.

४/ साधने काय सांगतात? एरियन, प्लुटार्क, कर्टियस हे सारे सिकंदरानंतर काही शतकांनी लिहिणारे. एरियनच्या नोंदीनुसार तक्षशिलेच्या राजाने सिकंदरास २०० टॅलंट चांदी, ३,००० बैल, १०,००० हून अधिक मेंढ्या आणि ३० हत्ती पाठवले. मेंढ्यांची संख्या आहे. त्या कशा शिजवल्या, याविषयी अक्षर नाही.

५/ आता परातीकडे वळू. मांडीला खोल चिरा देतात, आले-लसणाचे वाटण आणि लाल तिखट चोळतात, मांस मऊ पडावे म्हणून कच्ची पपई किंवा सिरका लावून मुरवतात, मंद आचेवर झाकून शिजवतात आणि शेवटी तंदूरची धग देतात. यांतील मिरची आणि पपई दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. १४९८ नंतरच्या सागरी व्यापारातून त्या भारतात आल्या. म्हणजे सिकंदरानंतर १,८०० हून अधिक वर्षांनी.

६/ सोळाव्या शतकाअखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने शाही पाकशाळेतील पदार्थ वजनांसह दिले आहेत. ‘दमपुख्त’साठी १० शेर मांस, २ शेर तूप, १ शेर कांदा, शिवाय आले, मिरे, लवंगा, वेलदोडे. मिरे आहेत, मिरची नाही. अकबराच्या पाकशाळेच्या यादीतही जी दिसत नाही, ती पोरसाच्या ताटात कोठून यावी?

७/ यावर आक्षेप येईल : मिरची-पपई नंतर मिसळली असेल, मूळ पदार्थ जुनाच. हा आक्षेप रास्त आहे. पण ती दोन्ही वगळली, की उरते विस्तवावर भाजलेली मांडी. आणि ती तर जेथे जनावर आणि अग्नी, तेथे सर्वत्र सापडते. तेवढ्यावरून सिकंदराचा संबंध सिद्ध होत नाही.

८/ प्राचीनतेचाच अभिमान हवा असेल, तर उसनवारीची गरज नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मांस भाजण्याच्या आणि शिजवण्याच्या रीती तपशिलाने आल्या आहेत. दख्खनच्या मातीतला हा लिखित पुरावा हाताशी असताना मॅसिडोनियाच्या दारी जावे कशाला?

९/ ‘गोष्टच तर आहे, काय बिघडते?’ असे म्हणणारे म्हणतील. बिघडते ते हे : श्रेय राजाला मिळते आणि राबणारे हात विसरले जातात. चाकू कोठवर रुतवावा, आच केव्हा कमी करावी, मांस हाडापासून सुटू लागल्याचे कसे ओळखावे, हे ज्ञान सेनापतींचे नव्हे. खानसाम्यांचे, भटारख्यान्यांतील मदतनिसांचे आणि घरोघरच्या स्त्रियांचे आहे. त्यांची नावे बखरींत नाहीत.

१०/ म्हणून पुढच्या वेळी परात मध्यभागी आली, की सिकंदराला क्षणभर बाजूला ठेवावे आणि रांधणाऱ्या आजीला किंवा मामाला विचारावे : हे कोणाकडून शिकलात? पूर्वी चूल होती की शेगडी? मसाला कोठून येई? उत्तर त्याच दिवशी, तारखेसह, वहीत उतरवावे. सिकंदराविषयी लिहिणारे शेकडो झाले. त्या आजीची नोंद घरच्यांनीच करावी लागेल, आणि तिला फार वेळ नाही. #इतिहास #खाद्यसंस्कृती