खानखोजेंचं अर्धंच चरित्र

पांडुरंग खानखोजे हे नाव तुमच्या मोबाइलवर आलंच, तर ऑगस्टमध्ये येतं. जुना फोटो, तिरंगा, मागे ढोलताशा. वर्ध्यात जन्म, अमेरिकेत गदर पक्ष, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढाई. मग एक ओळ : ‘पुढे ते मेक्सिकोत शास्त्रज्ञ झाले.’ रील संपलं.

माझं भांडण या एका ओळीशी आहे. बंदूक हातात असेपर्यंत क्रांतिकारक आणि बियाणं हातात घेतलं की निवृत्त, हा हिशेब कुणी ठरवला?

१९१३ मध्ये गदर उभा राहत होता, त्याच काळात खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकत होते. दोन्ही कामं एकाच माणसाची, एकाच भुकेपोटी. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केली, तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. मका मूळचा तिथलाच. त्या मुलखात जाऊन या वर्धेकरानं चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं त्यांना मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलं, तेही पाव मोडून वाढताना. हाती बंदूक दिली नाही.

हे आम्हा कोल्हापूरकरांना तरी कळायला हवं होतं. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं ते इंग्रजांच्या अमलातच. शिवारात पाणी आल्याशिवाय रयत ताठ उभी राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज मात्र माझ्या ओळखीतली शेतकीची पदवी घेतलेली पोरं शिवारात कमी आणि एमपीएससीच्या अभ्यासिकेत जास्त दिसतात. दोष त्यांचा नाही. शेतीतल्या हुशारीला पराक्रम म्हणायला आपण त्यांना शिकवलंच नाही.

कुणी विचारेल, मेक्सिकोतल्या मक्यानं इंग्रज हलला का? नाही हलला. पण गदरचा उठावही फसलाच होता. फसलेल्या उठावाला सलाम आणि पिकलेल्या कणसाला एक ओळ, हे माप खोटं आहे.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, तो चापिंगोत. कोल्हापुरात पुतळ्याला चौक सहज मिळेल. पण तेवढ्यावर आमची बोळवण करू नका. इथल्या शेतकी महाविद्यालयात पहिल्याच तासाला या माणसाचं चरित्र सांगा. पूर्ण सांगा, मक्यासकट.