कागदी साचा आणि रंगभूमीचीं चित्रें

आमच्या चित्रकलेच्या वर्गांत योशितोशी मोरी या जपानी चित्रकाराच्या एका काबुकी नटाच्या चित्राची प्रत टांगलेली आहे. "ख्रिस्ती शाळेंत हा डोळे वटारलेला नट कशाला?" असें एका पालकांनीं मला विचारलें. हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. काबुकीचा इतिहास कांहीं सोवळा नाहीं. १६२९ सालीं सरकारनें स्त्रियांना त्या रंगभूमीवर बंदी केली, ती नीतीचें कारण दाखवूनच. तरीही तें चित्र राहावें, असें माझें मत आहे.

प्रथम त्याची कृति पाहावी. तुतीच्या कुळांतील झाडाच्या सालीचा कागद घेऊन त्याचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या तुरट रसानें चिकटवितात व त्यास धुरी देतात. मग तो चिवट होतो व पाण्यास दाद देत नाहीं. त्यावर सुरीनें आकृति कोरली कीं साचा तयार. तत्त्व आपल्या रांगोळीच्या छापाचेंच. पण येथें एक अडचण असते. साच्यांतील कोणताही भाग सुटा राहिला तर तो गळून पडतो. म्हणून प्रत्येक रेषा दुसरीशीं जोडलेली, जाड आणि ठाम असावी लागते. मोरी (१८९८–१९९२) हे मूळचे कापड रंगविणारे कारागीर. उतारवयाकडे झुकल्यावर त्यांनीं हाच साचा चित्रें छापण्यास लावला. मला त्यांच्या रंगांपेक्षां ती काळी रेषाच अधिक आवडते.

काबुकींतील नट ऐन प्रसंगीं अंग ताठ करून, डोळे रोखून क्षणभर स्तब्ध होतो. यास 'मिए' म्हणतात. चेहऱ्यावर पट्टे ओढलेले असतात. तांबडे शूराचे, निळे दुष्टाचे. साच्याला नाजूक, विरत जाणारी छटा सहज साधत नाहीं. त्यास थांबलेली, ठळक आकृति हवी, आणि ती रंगभूमीनें त्याला आयती दिली. अठराव्या शतकांतही क्योटो-ओसाका भागांत नटांच्या चित्रांत साच्यांनींच रंग भरीत असत.

आतां दुसरी गोष्ट. मोरींना ही विद्या केइसुके सेरिझावा यांच्याकडून मिळाली. त्याच गुरूचे दुसरे शिष्य सादाओ वातानाबे (१९१३–१९९६). सतराव्या वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि पुढें जन्मभर त्याच साच्यानें पवित्र शास्त्रांतील प्रसंग छापले. त्यांच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रांत मेजावर जपानी पद्धतीचे मासे व भात दिसतात. शिष्यांचे डोळेही चांगले टपोरे आहेत! वटारलेल्या डोळ्यांसाठीं नट काढावयाचा, तर पेत्रासही भिंतीवरून उतरवावें लागेल.

नटाच्या शेजारची जागा मी वातानाबे यांच्या चित्रासाठीं मोकळी ठेविली आहे. त्या पालकांनीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं अवश्य यावें व दोन्ही चित्रें जवळून पाहावींत.